वशिंडाचं हरीण

मला प्रश्न विचारायची खोड आहे. लग्न होऊन आष्टीजवळच्या या गावात आले आणि आठच दिवसांत सासूबाईंनी ती ओळखली. "हिचं आपलं सारखं कावून," त्या शेजारणीला सांगत होत्या. "मीठ आत्ताच कावून, दार बंद कावून." आमच्याकडं ‘का’ला कावून म्हणतात. पण या खोडीपायीच मी पुढं करवतीवर जाऊन बसले, हेही खरं.

पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली होती. चारा संपला, तेव्हा पोळ्याच्या आधीच आम्ही बैलजोडी बाजारात नेली. जू तेवढं गोठ्यात टांगलेलं राहिलं. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडायचं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोणी घेत नाही. आदल्या वर्षी आम्ही दोघं गेलो, सोबत लेकीला नेलं आणि तिची तिसरी बुडाली. यंदा ती पुन्हा तिसरीत होती. मला काही केल्या जायचं नव्हतं.

गावात लाकूडकामाची एक सहकारी संस्था नुकतीच निघाली होती. सचिव म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. त्यांनी कुठूनशी नाताळच्या शोभेच्या वस्तूंची मागणी मिळवली होती. टणक लाकडातून कापलेल्या चांदण्या, घंटा आणि हरणं. नमुने पसंत पडले तर वर्षभर काम मिळणार होतं. त्यासाठी पायानं चालवायची एक करवत आणली होती. दिसायला थेट शिलाई मशीन, फक्त सुईच्या जागी दोऱ्यासारखं बारीक पातं वरखाली व्हायचं. गावानं तिला शिलाईची करवत म्हणायला सुरुवात केली आणि त्या नावामुळेच एकही सुतार तिच्यावर बसेना. मग मी बसायचं नाही कावून, असं मी विचारलं. मला पोलकी शिवता येत होती. मी बसले.

लाकूड कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. बैल गेले तशी घरोघरी जुवं आणि गाडीचे भाग पडून होते, सगळी जुनी बाभूळ. गुरुजींनी ते गोळा करून आरा गिरणीत पातळ फळ्या चिरून घेतल्या. आमचं जू नवऱ्यानं स्वतः खांद्यावर आणलं. ठेवलं आणि निघून गेला.

या करवतीची गंमत अशी की पातं जागेवर राहतं आणि फिरवायचं ते लाकूड. हे कळेपर्यंत मी बरीच पाती मोडली. घंटेच्या पोटातली नक्षी कापायची तर आधी भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, मगच पाय हलवायचा. बाभूळ घाईला जुमानत नाही. जोर लावला की करपते. तो करपल्याचा वास मला आवडायचा, हे मी कोणाला सांगितलं नाही.

"गुरुजी, हे टांगतेत कुठं?" मी एकदा विचारलं.

"झाडाला."

"लाकूड झाडालाच? आन् झाड कुठं?"

"घरात आणतेत."

"घरात? कावून?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ते मला बी ठावं न्हाई. तू पातं सांभाळ."

मागणीसोबत आलेलं हरणाचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, तेही पुसट. मी ते पुठ्ठ्यावर हातानं मोठं करून काढलं. सगळा जीव शिंगांत गेला, त्यांना फांद्या फार. कापून झाल्यावर जो येईल तो शिंगंच बघायचा. गुरुजी झकास म्हणाले आणि नमुन्यांचं खोकं रवाना झालं.

दसऱ्यानंतर हरणं परत आली. सोबत पत्र होतं. चांदण्या, घंटा उत्तम. हरणांच्या पाठीवरचा उंचवटा काढून आठ दिवसांत पाठवा, मग पुढचं ठरवू. उंचवटा कसला? गुरुजींनी हरीण उलटंसुलटं करून बघितलं, मीही बघितलं. आम्हा दोघांना काही दिसेना. तेवढ्यात नवरा बोलवायला आला, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम घरी येऊन बसला होता. नवऱ्यानं एक हरीण उचललं आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"वशिंड हाय हे," तो म्हणाला. "आपल्या पांढऱ्या बैलाचं. असंच मागं कललेलं व्हतं."

हरणाला वशिंड नसतं हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही, माळावर काळविटं रोज दिसायची. पण पाठ म्हटली की हातानं वशिंड काढलं आणि गावातल्या एकाही डोळ्याला ते खटकलं नाही. मला आधी हसू आलं, मग रडू.

"मुकादमाला आठ दिस थांबा म्हना," मी म्हटलं.

"टेम्पो परवा हाय. न्हाई थांबायचा."

"मग येत न्हाई म्हना."

नवऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग घरी जाऊन त्यानं मुकादमाला नाही सांगितलं. आता हरणं पुन्हा परत आली असती तर दोन्हीकडून गेलो असतो.

मी वशिंडं कापायला घेतली. पहिल्या दोन-चारांना हात जड झाला, नंतर होईना. करवतीखाली भुशात नखाएवढे तुकडे साचत गेले. हरणं गेली आणि पसंत पडली. टेम्पो आमच्याशिवाय गेला होता. लेक त्या वर्षी तिसरी पास झाली, आणि मी वर्षभर सरळ पाठीची हरणं कापत राहिले.

पुढच्या पोळ्यालाही गोठा रिकामाच होता. सासूबाई म्हणाल्या, "एवढी करवत चालवती, तर पूजेला एक जोडी काप की." आमच्याच जुवाचा एक तुकडा मी बाजूला ठेवला होता. चित्र न काढता, एका दमात दोन बैल कापले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सासूबाईंनी ते पाटावर मांडून कुंकू लावलं. नवरा पाया पडायला वाकला आणि तसाच थांबला. त्यानं एका बैलाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"कावून गं," त्यानं विचारलं, "ह्येला वशिंड न्हाई?"

त्या घरात कावून विचारणारी मी एकटीच होते. आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं, आणि मी आपली त्या सरळ पाठीवरून अंगठा फिरवत राहिले.