मणी कोण, हे कुणी सांगेना

अयोध्या भूम तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. कळंबच्या हितेन पटेलशी तिनं स्वतः ठरवून लग्न केलं. हितेनच्या घरची लाकडाची वखार होती. त्याचे आजोबा कच्छहून इकडं आले आणि इथलेच झाले. बाहेर सगळे मराठी बोलत, घरात मात्र गुजराती.

नात्यांनी अयोध्येचा पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडवला. सासूबाईंना सगळे 'बा' म्हणत. तिच्या गावात बा म्हणजे बाप. सासरे बापुजी, त्यांचे थोरले भाऊ मोटाबापा, आत्या ती फई. त्यात एकेका माणसाला दोन-दोन नावं. आधारकार्डावर रतिलाल, घरात बचुभाई. ही माणसं आपल्याला मुद्दाम चकवतायत की काय, असं तिला वाटू लागलं. ती स्वयंपाकघरात पाऊल टाकी आणि चाललेलं बोलणं थांबे. थांबायच्या आधी एक नाव मात्र तिच्या कानावर पडे. मणी.

तिनं हितेनला विचारलं. "असंल कुणीतरी," म्हणून तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. त्याची आधी कुठंतरी सोयरीक ठरून मोडली असणार, तीच ही मणी, असं अयोध्येनं मनाशी धरलं.

दिवाळीला लातूर, सोलापूरहून पाहुणे आले. चहा देताना ती प्रत्येकीला नाव विचारी, माहेर विचारी, घरात दुसऱ्या नावानं हाक मारतात का तेही विचारी. मणी काही सापडली नाही, पण सगळं गणगोत तिला तोंडपाठ झालं. सुनेनं घर आपलंसं केलं, असं बापुजी येईल त्याला सांगू लागले. ते ऐकून ती ओशाळायची, पण शोध काही थांबला नाही.

एकदा बा येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळाला निघाल्या. अयोध्या सोबत येते म्हणाली, तर त्यांनी घाईघाईनं नको म्हटलं. हातातल्या पिशवीत ठेपल्यांचा डबा होता, गुडघ्याला लावायचं तेल होतं. देवाला कोण तेल नेतं गुडघ्याचं? तोंडाला स्कार्फ बांधून अयोध्या त्याच एसटीत मागच्या सीटवर बसली.

येडशीला उतरून बा देवळाकडं वळल्याच नाहीत. त्या मशिदीमागच्या एका घरात शिरल्या. अयोध्या दारात उभी राहिली. आत बाजेवर एक म्हातारी बसली होती आणि बा तिच्याशी गुजरातीत बोलत होत्या.

"बा, ह्या कोण हायत?"

बांनी हातातली तेलाची बाटली बाजेवर ठेवली. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांची बहीण. मणी."

वखारीत करवतीवर काम करणाऱ्या फकीर नावाच्या माणसाशी मणीनं लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव घेणं बंद झालं होतं. आता फकीर हयात नव्हते.

"इथं मला हसीनाबी म्हणतात," म्हातारी म्हणाली. "तू फई म्हण."

येताना एसटीत बांनी कुणाला सांगू नको म्हणून विनवलं. अयोध्या खिडकीबाहेर बघत राहिली. हितेनवरचा संशय गेला, पण त्या जागी दुसराच आला होता. सख्ख्या बहिणीचं नाव पुसणारी माणसं उद्या आपलं काय करतील?

संक्रांतीला लातूरहून मोटाबापा आले. बापुजींनी हौसेनं सुनेला आपल्या भावंडांची नावं सांगायला लावली. तिनं थोरल्यापासून सुरुवात केली, आणि शेवटी म्हणाली, "आणि येडशीच्या मणीफई."

मोटाबापांनी बशी खाली ठेवली. बांनी पदर तोंडाला लावला. बापुजी उठून उभे राहिले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "गुडघा कसा आहे तिचा?"

मोटाबापा न जेवता लातूरला परत गेले. बापुजी येडशीला अजून गेलेले नाहीत. पण बांचा डबा आता रामलिंगच्या नावाखाली नाही, उघडपणे जातो.

अयोध्येला मात्र अजून कळलेलं नाही, की फईचा गुडघा दुखतो हे बापुजींना कुणी सांगितलं.