वांगी रंगाचं ओरिजिनल इंजिन

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या नणंदेला असा ठसका लागला की सगळं घर तिची पाठ चोळत बसलं. फजिती माझीच आहे म्हणून एवढ्या मजेनं सांगते. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या कुणाची असती तर याहून जास्त मजेनं सांगितली असती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जपानात, कावासाकीला राहत होतो. शिरीष, म्हणजे माझा नवरा, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता आणि ऑफिसात इंग्रजीवर भागवायचा. मी दिवसभर घरी काय करणार? म्हणून जपानीच्या वर्गाला जायला लागले. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, स्वभावानं फार गोड. मी काहीही बोलले की मान जराशी कलती करून म्हणायच्या, "गोखले-सान, तुमचं जपानी अगदी ओरिजिनल आहे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ओरिजिनल! म्हणजे अस्सल, जपानी माणूस बोलतो तसं. मी फोनवर आईला सांगितलं, आईनं नाशिकभर सांगितलं. शिरीषला तर मी रोज ऐकवायचे. घरातला दुभाष्या मीच, आणि त्याचा तोरा मी पुरेपूर मिरवत होते.

आता गाडीचं सांगते. शिरीषच्या ओळखीचा एक अमेरिकन माणूस मायदेशी परत निघाला आणि जाताना आपली जुनी गाडी याच्या गळ्यात मारून गेला. गळ्यात मारली असं मी म्हणते, शिरीषच्या मते त्याला लॉटरी लागली होती. सत्तर सालच्या आसपासची, मसल कार म्हणतात तशी. बॉनेट आमच्या स्वयंपाकघराहून मोठं, आणि मागे जागा भाजीच्या दोन पिशव्यांपुरती. आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे मी पुढे पळत हातवारे करायचे आणि शेजारचे आपापल्या कुंड्या आत घ्यायचे.

आणि ते व्ही-एट इंजिन! चोक ओढा, पाय दाबा, देवाचं नाव घ्या. ती आधी खोकायची, मग शिंकायची, मग एकदम अशी डरकाळी फोडायची की समोरच्या आजी कठड्यावर वाळत घातलेल्या गाद्या ओढून आत पळायच्या. पेट्रोलचा वास माझ्या धुतलेल्या कपड्यांना यायचा. दर रविवारी शिरीष फिरायला जायचा आणि मी शेजाऱ्यांना वाकून वाकून माफी मागत हिंडायचे. माझं जपानी सुधारलं ते त्यामुळेच, असं मला वाटायचं.

मी त्याला म्हणायचे, अरे, आता नवीन काय काय निघालंय, बसव ना त्यात. किल्ली फिरवली की गाडी सुरू. तर म्हणे, "तू तंबोऱ्याला प्लग लावशील का?" मी म्हटलं, लावतात की, पुण्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा मिळतो. त्यावर फडकं घेऊन गाडी पुसायला निघून गेला. स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा, दाढेला कॅप, केसांना कलप. या माणसात काय ओरिजिनल उरलं होतं, मला सांगा. पण गाडीचा एक स्क्रूही बदलायचा नाही.

हट्टाला कारणही होतं. शिरीषचे साहेब, मियाके-सान, जुन्या गाड्यांचे दर्दी. दर वसंतात नदीकाठी त्यांच्या मंडळींचा मेळावा भरायचा, आणि साहेबांच्या रांगेत गाडी लावायची तर इंजिन फॅक्टरीतून आलं तसंच हवं. बरीच वाट पाहिल्यानंतर त्या वर्षी शिरीषला बोलावणं आलं. ऑफिसात पाच वर्षं कुणी याच्याशी हवापाण्यापलीकडे बोललं नव्हतं, आणि आता साहेब स्वतः त्याच्या टेबलाशी येऊन इंजिनाची चौकशी करत होते. पोराला शाळेत पहिल्यांदा कुणी खेळायला घ्यावं तसा तो खूश होता. नवीन जाकीटही घेतलं.

आणि नेमका कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजणारा भाग, गळायला लागला. त्यातच शिरीषला कंपनीनं कोबेला धाडलं, परत यायचं ते मेळाव्याच्या आदल्या दिवशी. निघताना त्यानं मला बजावलं, "मोरीता-सानच्या गॅरेजमध्ये जा. एकच सांग, सगळं ओरिजिनल हवं. बाकी काही बोलू नकोस."

बाकी काही बोलू नकोस, हे त्यानं कुणाला सांगितलं? मला.

मोरीता-सान येऊन गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी ऐटीत गॅरेजमध्ये हजर. पन्नाशीचा, अबोल, हात काळे पण टोपी स्वच्छ असा माणूस. बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, "नोमारु?"

नोमारु म्हणजे नॉर्मल, एवढं मला कळत होतं. नॉर्मल म्हणजे साधं, आलतूफालतू. माझ्या नवऱ्याच्या लाडक्या गाडीला साधं काम? मी म्हटलं, "नाही नाही, नोमारु अजिबात नको. ओरिजिनल. सगळं ओरिजिनल."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "ओरिजिनारु? पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हटलं.

त्या अबोल माणसाला एकदम कंठ फुटला. ते बोलत सुटले, हातांनी काय काय दाखवायला लागले, कपाटातून कसलेसे चकाकते पाइप काढून आणले. त्यातलं मला पावपटच कळलं, पण मी प्रत्येक वाक्याला जोरात "हाय" म्हणत होते. हाय म्हणजे हो. मग त्यांनी माझा आवडता रंग विचारला. मला वाटलं, किती आपुलकीनं चौकशी करतात हे लोक! मी सांगितलं, वांगी रंग. आणि निघताना त्याच आठवड्यात शिकलेला शब्द टाकला, "ओमाकासे." म्हणजे सगळं तुमच्यावर सोपवलं. मोरीता-सान इतके खाली वाकले की कपाळ बंपरला टेकलं असतं.

कोबेहून शिरीषचा फोन आला. सांगितलंस ना, ओरिजिनल? मी म्हटलं, चांगलं बजावून सांगितलं. काय म्हणाले ते? मी म्हटलं, फार खूश झाले, डोळ्यांत पाणी आलं होतं. शिरीषचा आवाजही भरून आला. म्हणाला, "मंजू, माणूस जाणकार आहे गं."

शनिवारी तो स्टेशनवरून मला घेऊन थेट गॅरेजमध्ये गेला. मोरीता-सान नवी टोपी घालून दारात उभे होते. त्यांनी बॉनेट उघडलं.

कार्बोरेटर गायब. त्याच्या जागी नव्या गाड्यांत असतं ते फ्युएल इंजेक्शन, चकाकत्या पाइपांचा नुसता महाल. कोपऱ्यात कॉम्प्युटरचा डबा. आणि इंजिनाची दोन्ही झाकणं, काय सांगू तुम्हाला, भरायच्या वांग्यांसारखी जांभळी, तुकतुकीत. त्यांनी किल्ली नुसती फिरवली. ना खोकला, ना शिंक. गाडी सुरू झाली की नाही हे बघायला शिरीषला इंजिनावर हात ठेवावा लागला.

तो मोरीता-सानकडे बघून हसत होता आणि हसत हसतच मराठीत मला म्हणाला, "मंजू, मी हसतोय, पण माझ्या तोंडाकडे बघू नकोस. यांना नक्की काय सांगितलंस?"

मोरीता-साननीच उलगडा केला. बाहेर एक जुनी गाडी होती, फॅक्टरीतून आली तशी. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नोमारु." मग आमच्या जांभळ्या इंजिनावर हात ठेवून अभिमानानं म्हणाले, "ओरिजिनारु. जगात एकच."

कळलं ना? जपानीत मूळचं ते नोमारु. ओरिजिनल म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या डोक्यातून काढलेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात 'ओरिजिनल करी' मिळायची, सफरचंद घातलेली. मी ती कितीदा खाल्ली होती, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिरीष मात्र मोरीता-सानच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोकळा हात दिला होता आणि ते शाबासकीची वाट बघत होते. माझा नवरा कमरेत वाकला आणि त्याला येत होते तेवढे सगळे धन्यवाद त्यानं त्यांना देऊन टाकले. खरं सांगते, लग्नानंतर इतका आवडला नव्हता मला तो कधी.

जुने सगळे भाग मोरीता-साननी धुऊनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून एका खोक्यात दिले होते. पण ते परत बसवायला आता वेळ कुठला? घरी येताना कार्बोरेटर माझ्या मांडीवर होता आणि मी रडत होते. शिरीष एवढंच म्हणाला, "रडू नकोस, त्याला गंज चढेल."

रविवारी तसेच गेलो. मियाके-साननी बॉनेटमध्ये डोकावलं, दातांतून आवाज करत श्वास आत ओढला आणि अतिशय नम्रपणे आम्हाला पलीकडच्या रांगेत पाठवलं. तिथे पाटीच होती, 'ओरिजिनल'. शिरीषचा चेहरा एवढासा झाला. नवीन जाकिटाची चेन त्यानं गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पण त्या रांगेतली मंडळी भलतीच मोकळी निघाली. कपाळावर केसांचे फुगे काढलेले लोक वांगी इंजिनाभोवती जमले, फोटो काढले, शिरीषला कॉफी पाजली. तो हातवारे करून समजावत होता, जसं काही सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. मियाके-सानही कुणी बघत नाही असं पाहून दोन-तीनदा डोकावून गेले, आणि शेवटी न राहवून म्हणाले की पुढच्या रविवारी गाडी माझ्या घरी घेऊन या. निघताना त्यांची स्वतःची नोमारु गाडी सुरूच होईना. सगळ्यांनी ढकलली. ढकलताना शिरीष तिच्या खोकल्याकडे असा कान लावून होता की मला दया आली.

 परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शिरीष मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "काय गं, तुझ्या सेन्सेई तुझ्या जपानीला काय म्हणतात?"

जुनं इंजिन असतं तर ऐकूच आलं नाही, असं तरी म्हणता आलं असतं.