साडूंचा स्वीडिश इन्स्पेक्टर

स्वीडनमध्ये कुठेही खून झाला, की त्याचा सगळ्यात जास्त ताप लातुरात आमच्या थोरल्या साडूंना होतो. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला नाहीतर शेअरबाजाराला लागतात. साडू एका स्वीडिश इन्स्पेक्टरच्या नादाला लागले. दहा इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका. एकटा राहणारा, पोट बिघडलेला, थंड पाव खाऊन खुनी शोधणारा तो अधिकारी त्यांना घरातलाच वाटे. तिथल्या माणसांची नावं, त्यातल्या अक्षरांच्या डोक्यावरची ती टिंबं, काही केल्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला इकडचं नाव देऊन टाकलं होतं. 'जळकोटचे मामा तळ्यात सापडले,' असं ते एकदा व्हरांड्यातून अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सांगत असताना शेजारणीनं ऐकलं आणि तासाभरात ती चार बायका घेऊन भेटायला आली. अक्कांनी सगळ्यांना चहा दिला. मामा स्वीडनचे होते हे कसं सांगावं, ते त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

मे महिन्यात, पंखा गरम वारा फेकत असताना, साडू बर्फाचं प्रकरण वाचायला घेत आणि मध्येच शाल मागत. इन्स्पेक्टरच्या गावाचा नकाशाही त्यांनी मोजणीच्या कागदावर काढला होता. "चर्चपासून बंदरापर्यंत दहा मिनिटांत जाणं होत न्हाई," ते मला गंभीरपणे म्हणाले. "लेखकानं जागेवर जाऊन मोजलेलं न्हाई."

सातव्या पुस्तकात मात्र गाडी अडली. इन्स्पेक्टरला एक मुलगी होती आणि दोघांचं बोलणं बंद होतं. तो तिच्या घरापर्यंत जातो, गाडीत तासभर बसतो आणि दार न वाजवताच परत फिरतो. एवढं वाचून साडूंनी पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलंच नाही. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या घरात ते कुणी बोलत नसे. त्यांच्या मुलीनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न करून नांदेडला संसार मांडला होता आणि तेव्हापासून साडूंनी तिचं नाव घेतलं नव्हतं. मी गेलो तेव्हा ते इन्स्पेक्टरवरच चिडलेले होते. "इतके खून उलगडले त्यानं," ते म्हणाले, "अन् पोरीची कडी वाजवायला भ्याला."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाला न सांगता एसटीनं नांदेडला गेले. पुढचं मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. दारात बाप पाहून ती बाजूला झाली, तिनं त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "अप्पा, सध्या काय करायलात?"

"वाचायलोय," असं म्हणून साडूंनी पहिल्या खुनापासून सांगायला सुरुवात केली. जावई कामावरून आले तेव्हा तिसरा खून चालू होता. तेही चपला काढून ऐकायला बसले.

आता मुलगीही ती मालिका वाचते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि बापलेक खुनी कोण यावरून तासभर भांडतात. अक्का भाजी निवडत ऐकत असतात. मधली चार वर्षं कशी गेली, हे मात्र अजून दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. सध्या दोघांच्याही हातात शेवटचं पुस्तक आहे, आणि दोघंही दिवसाला दोनच पानं वाचतात.