एकटीचा फोटो

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा घेणार आहेत. तसा कॅमेरा माझ्याकडं आहे हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी निरोप पाठवला, "मॅडम, तुमच्या आवडत्या लेन्स कोणत्या ते जरा सविस्तर लिहून द्या. मी त्याच घेईन." मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. कुणी काही लिहून मागितलं की वेळेत द्यायची मला सवय आहे. या वेळी तीन आठवडे झाले. कागदावर माझ्या लेन्सचे तीन आकडे आहेत, एकशेवीस, पंचेचाळीस आणि एकशेदहा. त्यापुढं काही नाही. त्यांना जे लिहून देता येणार नाही ते इथं लिहिते.

हा कॅमेरा नेहमीच्या कॅमेऱ्यासारखाच, फक्त अंगानं थोराड. आतला सेन्सर मोठा, त्यामुळं एका फोटोत इतकं बारीकसारीक मावतं की काढताना जे दिसलंच नव्हतं तेही नंतर मोठं करून पाहिलं की सापडतं. मला तो पोथ्यांसाठी हवा होता. जिल्ह्यातल्या एका शिवभक्त घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तलिखित पोथ्या होत्या. पोथी उंबरठ्याबाहेर न्यायची नाही, ही त्यांची एकच अट. मग मीच कॅमेरा घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायची. एकशेवीसची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचं टिपणारी लेन्स मी त्या कामासाठी घेतली. तिच्यातून पाहिलं की लिहिणाऱ्यानं बोरू कुठं शाईत बुडवला आणि कुठं शाई संपत आली, ते कळायचं. एका पानावर दोन ओळींच्या मध्ये एक पापणीचा केस चिकटलेला सापडला. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोळ्यातून गळलेला. त्या रात्री मला आनंदानं जेवण गेलं नाही. इतक्या जवळून पाहणं हेच खरं पाहणं, असं मी तेव्हा मानत होते.

पंचेचाळीसची लेन्स नंतर आली. ती लांबचं, पसरलेलं टिपते. येलदरी धरणाचं पाणी, पोखर्णीच्या रस्त्यावरची उघडी रानं, असलं काही. पण मुख्य म्हणजे आक्काची मेंढरं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चुडाव्याजवळ तिचं सासर. आमचं माहेरही मेंढरांचंच. घरात आम्ही दोघी, आणि दोघींपैकी एकीनं मेंढरांमागं जायचं हे ठरलेलं होतं. ती सहा वर्षांनी मोठी, ती गेली. मी शाळेत गेले. याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. मीही कधी काही विचारलं नाही. लहानपणी संध्याकाळी ती रानातून आली की माझ्या पुस्तकातली चित्रं बघायची, आणि पुस्तकाला हात लावण्याआधी हात लुगड्याला पुसायची.

तिचा फोटो काढायचा म्हटलं की ती म्हणायची, "लांबूनच काढ. मेंढरं समदी आली पायजेत." कापूस निघालेल्या एका रानात मेंढरं बसवली होती, तिथं मी पंचेचाळीस लावून एक फोटो काढला. मग कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तो मोठा करत करत तिला दाखवला. तिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला नाही, फक्त बोटानं सांगत राहिली, "हिकडं सरकव. ही कानफाटी. ही भुरी, लय द्वाड हाय. हिला मागल्या साली कुत्र्यानं धरलं होतं बग." साठसत्तर मेंढरं तिनं तोंडावरून ओळखली. मला सगळी एकसारखी दिसत होती. तिनं स्वतःला मात्र शोधलं नाही. त्या फोटोत ती डाव्या बाजूला उभी होती, वाकून कोकराच्या पायातला काटा बघत.

"आक्का, आता एक तुझा एकटीचा काढू दे," मी म्हटलं.

"गप. एकटीचा फोटू भिंतीवरचा आसतो. मला इतक्यात हार घालायलीस का?"

आमच्याकडं हे सगळेच मानतात. चारचौघांत, लेकरं कडेवर, बैलाशेजारी, देवळापुढं, असा कितीही वेळा फोटो काढा. पण म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा, समोर बघणारा फोटो काढायचा तो शेवटच्या तयारीचा. मी शिकलेली बाई. मी हसले. पण जोरही केला नाही. माझ्याकडं तेव्हा चेहऱ्यासाठीची लेन्सच नव्हती, हेही एक कारण होतं.

मागच्या वर्षी आक्काच्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. सूनबाई तिला परभणीला घेऊन आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, भिंग बसवलं, आणि आठ दिवस ती माझ्याकडं राहिली. आम्ही दोघी सलग आठ दिवस एका घरात लहानपणानंतर पहिल्यांदाच राहिलो. तिला स्वस्थ बसवेना. काळा चष्मा लावून ती माझ्या पुस्तकांच्या कपाटांपुढून हात फिरवत चालायची. "येवढी समदी वाचलीस?" "न्हाई गं, समदी कुठं." "मंग कशाला सांभाळायलीस? दूध देत न्हाईत, लोकर देत न्हाईत."

चौथ्या दिवशी सकाळी डोळ्यात थेंब घालायला मी तिचा चष्मा काढला. थेंब घातले, तिनं डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"आगं बाई! तू तर लय म्हातारी झालीस की गं! मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुला दिसत नव्हतं तवर बरं चाललं होतं माझं."

ती हसत हसत मोरीकडं गेली. तिथं आरसा आहे. बराच वेळ आली नाही. मी जाऊन बघणार, तेवढ्यात बाहेर आली आणि खिडकीजवळच्या माझ्या वाचायच्या खुर्चीत बसली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला होता. टेबलावर कॅमेरा होता. मी नुकतीच पोथ्यांचं काम करून आले होते, त्यामुळं त्याला एकशेवीस लावलेली होती.

"किती भिंगं हायत गं तुझ्या ह्याला?"

"दोन हायत. तिसरं यायलंय."

"तीन! मला डाक्टरनं एकच बसवलं, आन्‌ समदं दिसायलंय."

मग ती जरा सावरून बसली. हात मांडीवर ठेवले.

"काढ मग."

"काय?"

"माझा फोटू. एकटीचा."

मी थट्टेनं विचारलं, "भिंतीवरचा?"

"आसू दे भिंतीवरचा. मघाशी आरशात बगितलं, मला वाटलं आईच हुबी हाय. कवापासनं आशी झाले मी? काढ. मला बगू दे नीट."

खिडकीतून उजेड येत होता. खुर्चीशेजारी पुस्तकांची रास. कॅमेऱ्याला हात पुरत होता. हे सगळं मी आता लिहिते आहे तितक्या स्पष्टपणे तेव्हाही पाहिलं होतं, आणि तरी माझ्या मनात आली ती लेन्स. एकशेवीस फार कठोर आहे. कागदासाठी ठीक. तिच्या गालावरचे वांग, ओठांच्या कडेच्या चिरा, ऑपरेशनच्या डोळ्याची लाली, सगळं ती वैऱ्यासारखं मांडून ठेवील. एकशेदहाबद्दल मी महिनोन्‌महिने वाचत होते. लोकांनी काढलेले चेहरे पाहत होते. तिच्यात माणसाचं कातडं मऊ दिसतं, मागचं सगळं विरघळतं. पुण्यातल्या एका माणसाकडं वापरलेली चांगली मिळत होती, पंधरा दिवसांत येणार होती. आक्काचा एकटीचा फोटो एकदाच निघणार. तो मला उत्तमच हवा होता.

"आत्ता नको आक्का," मी म्हटलं. "थांब की थोडी. पंधरा दिवसांनी चांगली लेन्स येतीय, मग काढू."

ती माझ्याकडं बघत राहिली. नव्या डोळ्यानं ती सगळ्याच गोष्टींकडं तशी बघत होती, म्हणून मला काही वाटलं नाही. मग हसली.

"बरं," म्हणाली. "थांबते."

पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि उठली. त्या संध्याकाळी ती फार खुशीत होती. माझ्या हातची भाजी कधी नव्हे ती गोड मानून खाल्ली, लहानपणीच्या गोष्टी काढल्या, मला दोनदा उगाच जवळ घेतलं. मला कारण कळलं नाही. कळून घ्यावं असंही वाटलं नाही. चार दिवसांनी सूनबाई आली आणि तिला रेल्वेनं चुडाव्याला घेऊन गेली.

लेन्स पंधरा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी आली. त्या वेळी तरी मी जायला हवं होतं. परभणीहून चुडावा तासाभराचा रस्ता. पण आधी लेन्स पारखायला हवी, असं मी ठरवलं. पहिल्या रविवारी मी त्या लेन्सनं तुळशीचे फोटो काढले, कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी काढल्या, खिडकीचा पडदा काढला. कोपरे मधल्याइतके स्पष्ट येतात का, ते बघितलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच, एकशेवीसशी ताडून. रिकामी वाचायची खुर्चीसुद्धा काढली, उजेड कसा पडतो ते बघायला. टिपणं ठेवली. ती वही अजून आहे, माझं अक्षर त्यात अगदी नीटनेटकं आहे.

तिसऱ्या रविवारी जायचं होतं. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी भाच्याचा फोन आला. छातीत कळ आली म्हणून आक्काला नांदेडला नेत होते, ती वाटेतच गेली.

घरात बायका रडताना म्हणत होत्या, "आत्ता कुठं बिचारीला दिसायला लागलं होतं." मी भिंतीला टेकून बसले होते. तिसऱ्या दिवशी भाचा जवळ येऊन बसला.

"मावशी, आईचा फोटू लागंल. तुमच्याकडं तर आसंलच की चांगला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यात काही टोचणी नव्हती. खात्री होती. मावशीकडं कॅमेरा, मावशीकडं असणारच.

परभणीला येऊन मी सगळे फोटो धुंडाळले. पोथ्यांची चार हजार पानं निघाली. आक्का बारा फोटोंत निघाली आणि प्रत्येकात लांब. सर्वांत बरा तो कापसाच्या रानातला. मी तो मोठा करत गेले. ती वाकलेली, पदराची सावली कपाळावर, हनुवटी कोकराच्या पाठीआड. आणखी मोठा केला तर चेहऱ्याचे चौकोन व्हायला लागले. तिच्याशेजारची एक मेंढी मात्र थेट माझ्याकडं बघत होती, तिच्या बुबुळात आभाळसुद्धा दिसत होतं. कॅमेऱ्याचा फोकस त्या मेंढीवर लागला होता. ती भुरी का कानफाटी, तेही मला सांगता येईना.

शेवटी भाच्यानं पूर्णेच्या एका स्टुडिओत आधार कार्डावरून फोटो करून घेतला. त्यांनी कॉम्प्युटरवर मागं निळं आभाळ टाकलं, अंगावर हिरवी जरीची साडी चढवली. तसली साडी आक्काकडं कधी नव्हती. डोळे ऑपरेशनच्या आधीचे, धुरकट, कुठंच न बघणारे. तो फोटो आता ओसरीच्या भिंतीवर आहे.

तेराव्याला पंगती उठल्यावर सूनबाई भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला कुणाजवळ तरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "फोटोचं माझ्या हातून..." तेवढ्यात तीच म्हणाली,

"मावशी, त्याचं वाईट नका वाटून घेऊ. आत्याबाई तुमचं लय कवतिक सांगायच्या. परभणीहून आल्यापासनं समद्या गल्लीत सांगत हिंडल्या."

"काय?"

"म्हणायच्या, 'मी सोताहून खुर्चीत बसले, म्हणलं काढ एकटीचा. तर बहिणीनं काढला न्हाई. भिंगाचं निमित्त सांगितलं, म्हणली थांब. येवढी शिकलेली, पर तिला ठावं हाय एकटीचा फोटू कवा काढत्यात ते. माझ्यावर लय जीव हाय तिचा. तोंडानं बोलत न्हाई.'"

तिनं राखेचा हात ताटावर फिरवला. "त्या लय खूश होत्या बगा मावशी."

मी तिनं घासलेलं ताट विसळायला घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर मला मोकळं वाटलं असतं, पण आक्काकडं जे एक सुख उरलं होतं ते मी तिच्या माघारी काढून घेतलं असतं. सूनबाईला खरं कारण ठाऊक नाही आणि होणारही नाही. मात्र आक्कानं मला जिवापाड प्रेम करणारी समजून जग सोडलं, आणि मी तर कोपऱ्यांची स्पष्टता मोजत होते. प्रेम नव्हतं असं नाही. पण तिनं जिथं पाहिलं, तिथं ते नव्हतं.

परवा ते प्राध्यापक स्वतःच घरी आले. चिठ्ठी मिळेना म्हणून. मी त्यांच्यापुढं तिन्ही लेन्स ठेवल्या. कोणती आवडती, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "एकशेदहा तुम्ही न्या. वापरून बघा. मी ती लावत नाही."

त्यांनी ती माझ्याच कॅमेऱ्याला लावली, काच फुंकरली, आणि पारखायला म्हणून माझ्याकडं रोखली. मी खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मी म्हटलं, "थांबा," आणि केस सारखे करायला, जरा उजेडाकडं सरकायला उठू लागले.

"नको मॅडम," ते म्हणाले, "आहात तशाच बसा."

मी बसले. शटरचा आवाज झाला. त्यांनी पडदा माझ्यापुढं धरला, पण मी बघितलं नाही. त्यांना म्हटलं, हा पुसू नका, चुडाव्याला माझा भाचा आहे, त्याला पाठवून द्या. सध्या नुसता असू दे म्हणावं त्याच्याकडं.