मधाची पहिली चव

आमच्या वेल्ह्याच्या बाजूला आमच्या घरात एक रीत आहे. मोहोळ काढलं की पहिली चव थोरल्या माणसानं घ्यायची, त्याशिवाय मध विकायला जात नाही. वडील गेल्यापासून तो मान माझा.

मार्गासनीचा माझा भाचा डोंगरातला मध गोळा करून पुण्यात बियर बनवणाऱ्यांना देतो. दिवाळीनंतर बायकोला घेऊन बहिणीकडे गेलो, तेव्हा त्यानं त्याच मधाच्या बियरची बाटली पुढ्यात ठेवली. मधाबरोबर सुंठ, लवंग, वेलदोडा घातलेला.

"मामा, पहिली चव तुमची."

त्यानं पेला भरून पुढं केला. दारू सोडताना मी ग्रामदैवतापुढं बेलभंडारा उचलला होता, बायकोच्या देखत. त्याला बरीच वर्षं झाली.

बहीण म्हणाली, "आरं, आधी देवाला दावायची का न्हाई? का देव बी झिंगंल?"

हसू फुटलं. त्या हसण्यातच बायको म्हणाली, "घ्या हो घोटभर. आपला मधच तर आहे."

आधी मध लागला, कारवीचा, दाट. मग सुंठेनं घसा तापला. खोकल्यावर बायको देते ते चाटण आठवलं. आणि या सगळ्याच्या खाली ते कडू. ते मी लगेच ओळखलं.

"कशीय, मामा?"

"काढा आहे नुसता," मी म्हणालो आणि पेला रिकामा केला.

पुढच्याच आठवड्यात ऑफिस सुटल्यावर सारोळ्याच्या बारमध्ये गेलो. नोकरीच्या गावात, भोरात, सगळे ओळखतात. तिथल्या बाटलीत ना मध होता, ना सुंठ. मला त्यातलं काही हवंही नव्हतं. आता बहुतेक रोजच जातो.

बायको मला एक शब्द बोलत नाही. स्वतःलाच बोलते. "मीच घ्या म्हणाले, माझ्याच तोंडानं." तिनं कडक सोमवार धरलेत. भाचा तिच्यापुढं कान पकडून रडून गेला. तेव्हाही मी पेपर वाचत बसलो होतो.

खरं लिहायचं तर, बाटली दिसल्यापासून मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं हो म्हणावं म्हणून. भंडाऱ्याचा नुसता विषय काढला असता तरी तिनं जीभ चावली असती. मी काढला नाही.

एवढं तिला सांगितलं तर तिचे सोमवार सुटतील. येताना एसटीत रोज ठरवतो. ती दार उघडते, वास घेते, "माझंच चुकलं" म्हणते आणि ताट वाढायला आत जाते.

मी हात धुऊन जेवायला बसतो.