यादीतून गाळलेलं घर

भालकीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारची प्रार्थना दर आठवड्याला एकेका घरी होते. कोणत्या बुधवारी कुणाची पाळी, ती यादी मी करतो आणि रविवारी उपासना संपताना वाचून दाखवतो. काम लहान आहे. पण ज्या घराला पाळी लागते ते घर मंडळीचं, एवढं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्या वर्षी मी एक घर मुद्दाम गाळलं, आणि विचारल्यावर खोटंही बोललो.

ते घर दोन पुरुषांचं होतं. एक कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यांना सगळे सर म्हणत. दुसरा कलबुर्गीकडचा, कानडी बोलणारा, दवाखान्यात नर्स. त्याला सगळे ब्रदर म्हणत. दोन वर्षं दोघं नेमानं उपासनेला येत होते. आमच्याकडं बाया एका बाजूला बसतात आणि पुरुष दुसऱ्या, त्यामुळं ते दोघं सतरंजीवर शेजारी बसले तरी कुणाला वेगळं काही वाटलं नाही. भाडं वाटून घेणारे दोस्त असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एका रविवारी आभार मानायच्या वेळेला सर उठले. म्हणाले, "आज आमच्या दोघांच्या संसाराला दहा वर्षं झाली. देवाचे आभार मानतो." आणि खाली बसले.

उपासना चालवणारे पाळक चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली, "धा वर्षं? आन भांडता का न्हाई?"

"रोज, अव्वा," ब्रदर म्हणाला.

"मंग खरंच संसार हाय. आमचे नवरे तिकडं, आम्ही इकडं. तुमचीच जोडी तेवढी जवळ बसायलीय बगा."

बाया हसल्या, काही पुरुषही हसले. सगळे मात्र हसले नाहीत. पुढच्या रविवारी तीन घरं आलीच नाहीत. एकानं आपली सतरंजी उचलून दोन रांगा मागं नेली. पाळकांना विचारलं तर म्हणाले, "दार मी उघडं ठेवणार. आत कुणी कुठं बसायचं ते मी सांगत न्हाई."

पुढच्याच महिन्यात त्यांच्या गल्लीतली पाळी आली. मी अलीकडचं घर वाचलं आणि सरळ पलीकडचं वाचलं. उपासना सुटल्यावर सर पायरीवर मला गाठून म्हणाले, "अण्णा, आमचं घर राहिलं वाटतं."

मी म्हणालो, "न्हाई सर, पाळी संसाराच्या घराला असती. एकट्या माणसांना त्रास कामून द्यायचा?"

असा काही नियम नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी बँकेतल्या एका बिनलग्नाच्या पोराच्या खोलीत आम्ही प्रार्थना केली होती आणि उप्पीट खाल्लं होतं. ते उप्पीट सरांनीच वाढलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी असं का केलं, ते लपवत नाही. माझ्या मुलीचं स्थळ चाललं होतं. मुलाचे वडील कलबुर्गीच्या मंडळीत पंच होते. त्यांच्या कानावर जाईल, तुमचे होणारे व्याही असल्या घरी प्रार्थना लावतात, ही भीती होती. मनात मी त्या भीतीला धर्माचं नाव दिलं होतं, इतकंच.

त्यानंतर सर उपासनेला यायचे थांबले. ब्रदर एकटाच यायचा, भिंतीकडेला बसायचा. एक रविवार गेला, दुसरा गेला, असे सहा गेले. प्रत्येक वेळी मी यादी वाचताना दाराकडं बघायचो. माणूस कायमचा तुटला तर तो माझ्यामुळं तुटला, हे मला कळत होतं. पण तोंड उघडत नव्हतं.

आणि याच काळात ब्रदर रोज सकाळी आमच्या घरी येत होता. आईला साखरेचा त्रास. तिच्या पायाची जखम चिघळली होती. ड्युटीवर जायच्या आधी तो यायचा, जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि पट्टी बदलायचा. मला पूर्वीसारखंच "अण्णा" म्हणायचा. सरांबद्दल एक अक्षर काढायचा नाही. तो आला की मी दूध आणायला बाहेर पडायचो.

दीड महिन्यानं जखम भरत आली आणि आई दुखण्यानंतर पहिल्यांदा उपासनेला आली. तिला खुर्ची दिली होती. त्या आठवड्याची पाळी आमचीच होती. मी वाचलं, "या बुधवारी आमच्या घरी."

खुर्चीवरून आई बोलली, "आमच्या घरी न्हाई. आमची पाळी मी ब्रदरच्या घराला देली."

"आई, घरी गेल्यावर बोलू."

"घरी तू बोलतूस कुठं? तो आला की दूध आणायला पळतूस."

सगळी मंडळी हसली. पाळकही हसले आणि म्हणाले, "लिहून घ्या, यादीवाले."

बुधवारी मी बीपी वाढल्याचं सांगून पडून राहिलो. बायको साडी बदलत म्हणाली, "बीपी न्हाई, भीती हाय," आणि मुलीला घेऊन निघाली. आईला न्यायला ब्रदर स्वतः ऑटो घेऊन आला होता.

दोन तासांनी सगळ्या परत आल्या. आई सांगत सुटली. घरात जागा पुरली नाही, लोक अंगणात बसले. सरांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली होती, गूळ जरा जास्त झाला होता. सोडून गेलेल्या तीन घरांतलं एक घर आलं होतं. त्यांनी हुग्गी घेतली नाही, दाराशीच बसले, पण गीतं सगळी म्हटली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, सरांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. पहिलं नाव तुमचं घेतलं."

मी भिंतीकडं तोंड केलं.

आज मागं वळून पाहतो तर मनात आभारच जास्त येतात. चारचौघांत माझी लाज काढणाऱ्या आईचे, भांडता का म्हणून विचारणाऱ्या त्या म्हातारीचे, हुग्गी न खाताही गाणाऱ्या त्या घराचे. मुलीची सोयरीक पुढं जमली. व्याह्यांनी यातलं काही कधी विचारलंसुद्धा नाही. मी ज्याला भ्यालो ते घडलंच नाही. पण घडलं असतं तरी मी गाळलेलं घर गाळलेलंच होतं.

त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या आणि ब्रदरच्या दारात गेलो. सर बनियनवर शर्टाला इस्त्री करत होते. ब्रदर डबा भरत होता. मला बघून तो म्हणाला, "अण्णा! या बसा. बीपी कसं हाय?" आणि मी काही म्हणायच्या आत मशीन काढून माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. हवा भरली, सोडली. "नॉर्मल हाय की."

"काल पण नॉर्मलच होतं," मी म्हणालो.

सरांनी इस्त्री उभी ठेवली.

दंडाला पट्टा तसाच होता. मी म्हणालो, "सर, पाळी संसाराच्या घरालाच असती असा काही नेम न्हाई. मी खोटं बोललो. तुमचा संसार हाय हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तुमचं घर गाळलं. लोकांना भिऊन गाळलं. तुम्ही सहा रविवार आला न्हाईत, ते माझ्यामुळं. माझं चुकलं. तुम्हा दोघांची मी माफी मागायला आलोय."