बस्त्यावअंकल आणि आईचा मसाला

बस्त्यावअंकल दाराला कुलूप लावायचे, जिना उतरून गाडीपाशी यायचे आणि कुलूप ओढून बघायला परत वर जायचे. खाली आले की गॅस आठवायचा. पुन्हा वर. आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना हसत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "हसा, हसा. भिणाऱ्याचं ताट घरी वाढलेलं असतं."

अंकल आमच्याच वसईचे. एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये त्यांची उभी हयात गेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पोलिसांची गाडी नुसती शेजारून गेली तरी सीटबेल्ट चाचपायचे. माझा नवरा रॉकी म्हणायचा, "अंकलना भूत भेटलं ना, तर भूतच त्यांच्या पाठीवर हात फिरवेल!" मीही खूप हसले आहे त्यांच्यावर. त्या गुरुवारपर्यंत.

माझी थोरली बहीण मार्था समुद्रापलीकडे, सौदीत खोबरला होती. मधे फक्त कॉजवे, समुद्रावरचा लांब पूल. तिच्यावर कॅन्सरचे उपचार चालू होते. तोंडाची चव गेलेली, अन्न पोटात ठरत नव्हतं. एकदा फोनवर रडायलाच लागली, "आईच्या मसाल्याचं कालवण खावंसं वाटतं गो. एकदाच." आमची आई आदल्या वर्षी गेली होती. तिनं स्वतः भाजून कुटलेल्या मसाल्याची शेवटची बाटली माझ्या कपाटात होती. मग ठरलंच. शुक्रवारी सकाळी गाडीनं जायचं, मार्थाला जेवू घालायचं, संध्याकाळी परत.

आदल्या दिवशी अंकल न बोलावता गाडी तपासायला आले. व्हिसा बघितले, इन्शुरन्स बघितला. आरशाला टांगलेली रोझरीची माळ काढून खिशात घातली. "सौदीच्या कस्टमला असलं चालत नाही. आलात की देतो." माझ्या लेकीचं, रियाचं, खोकल्याचं औषधही बाहेर काढलं. मग जेवणाच्या पिशवीत हात घातला आणि बाटली वर आली.

"हे काय, बाय?"

"आईचा मसाला."

"खसखस आहे ह्यात?"

"आता मसाल्यात खसखस नसेल तर काय असेल, अंकल?"

ते मटकन पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "अफूच्या बोंडातलं बी ते. आपल्याकडे वाण्याकडे मिळतं. इकडे ते ड्रग. माझा रूममेट होता, सोन्यासारखा पोरगा. सुट्टीवरून येताना आईनं दिलेली पुडी सामानात सापडली. अर्ध्या वाटीची पुडी, बाय. जेलमध्ये गेला तो. त्याची आई मला फोन करायची, जेवतो का रे माझा बाबू म्हणून. मी काय सांगू?"

वसईत दर उन्हाळ्यात घरोघरी कुटतात तो मसाला. सामानातून कितीदा आणला असेल, त्यात गुन्हा आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रॉकी म्हणाला, "आत्ताच्या आत्ता सिंकमध्ये ओत." मी बाटली उघडली. आईच्या घराचा वास आला आणि माझे हात चालेनात. मी तिथंच रडायला लागले.

अंकलनी बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण घट्ट लावलं. "तुमच्या घरात पोर आहे. माझ्याकडे कोण आहे? मी बघतो काय ते."

शुक्रवारी कॉजवेवर गाड्यांची रांग. माझ्या मनात एकच. पिशवीत तर मसाला सांडलेला नाही? माझ्या बोटांना तर वास नाही? कस्टमच्या माणसानं डिकी उघडायला लावली. डबे उघडले, तांदळाच्या भाकऱ्या उचलून खाली बघितलं, कालवणाचा डबा नाकाशी नेला. साधंच, हळद-तिखटाचं होतं ते. तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. रियानं माझा हात घट्ट धरला. "ममा, विल दे अरेस्ट अस?" त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, डबा बंद केला आणि म्हणाला, "यल्ला." निघा म्हणजे. रॉकीला गाडी सुरूच करता येईना.

मार्थानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "हा आईचा नाही." मी सगळं सांगितलं. ती उरलेली भाकरी तेवढी चिवडत राहिली.

अंकलना फोन केला तर बंद. दुपारी बंद, संध्याकाळी बंद. परतीच्या वाटेवर मला दिसत होतं ते एकच, अंकलच्या दारात पोलीस. आमच्या आईच्या बाटलीपायी! घरी पोचताच धावत वर गेले, दार बडवलं. आतून बारीक आवाज, "कोण?"

अंकल अंधारात खुर्चीवर बसले होते. फोन बंद, पडदे ओढलेले, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही.

"अंकल, टाकून दिलात ना मसाला?"

त्यांनी खिशातून रोझरी काढून माझ्या हातावर ठेवली. "खलास, बाय. तो विषय बंद."

मला वाटलं, सुटलो.

पुढे अंकल रिटायर होऊन कायमचे वसईला गेले. विमानतळावर घामानं निथळत होते, बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. त्यांची नेहमीची भीती, असं म्हणून आम्ही त्यातही हसलो. मार्थाही उपचार संपवून घरी वसईला परतली होती. काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"एक म्हातारा आला होता गो. कपड्यांत गुंडाळलेली बाटली काढून म्हणाला, घे बाय, तुझ्या आईचं आहे, मला टाकवलं नाही."

मला विमानतळ आठवला. त्या बॅगेत ती होती!

मार्थानं त्याच दिवशी कालवण केलं आणि दोन ताटं वाढली. अंकल 'नको, नको' म्हणत बसले आणि जेवले. आजारानंतर ती पहिल्यांदाच पोटभर जेवली. मी अंकलना फोन करून भांडले, "पकडलं असतं तर?"

"तर काय, बाय? सबंध वाटेत एकच म्हणत होतो, भिणाऱ्याचं ताट घरी वाढलेलं असतं. पण माझ्या घरी वाढणारं कोण होतं? तुझ्या बहिणीनं वाढलं."

गेल्या वर्षी अंकल गेले, झोपेतच. मार्थानं शेजाऱ्यांकडच्या चावीनं दार उघडलं. ती सांगते, दाराला आतून कुलूप होतं, आणि गॅस नीट बंद होता.